सोनूची गिटार

रेशनच्या दुकानातल्या त्या पिटुकल्या मशीननं देवकाबाईचं बोट घ्यायला नकार दिला, आणि तिथून सगळं सुरू झालं. आधी अंगठा, मग शेजारचं बोट, मग दुसऱ्या हाताचं. दुकानदारानं फडकं दिलं, तिनं बोटं पुसली. तो म्हणाला केसातलं जरासं तेल लावा, तिनं लावलं. मागं रांगेतल्या बाया पिशव्या या हातातून त्या हातात घेऊ लागल्या, आणि मशीन आपलं एकच रडगाणं गात राहिलं. शेवटी दुकानदारानं तिचा पंजा उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या बोटावर तं काहीच नाही." माणूस वाईट नव्हता. लगेच तिच्या मुलाला, उमेंद्रला, फोन लावून त्यानं त्याच्या मोबाईलवर आलेला नंबर घेतला, मशीनमध्ये टाकला आणि तांदूळ दिला. काम झालं. पिशवी फुलचूरला घरी पोचवायचं शेजारच्या निर्मलाबाईंनी आपणहून कबूल केलं, कारण देवकाबाईला तसंच पुढं गोंदियाच्या बाजारात जायचं होतं, सुनेचा ब्लाऊज शिंप्याकडून आणायला. ती ऑटोत बसली. पण हात मांडीवर पालथा ठेवून बसली, आत काही दडवल्यासारखा. दडवायला होतं काय, डोंबल. काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

बोटावरचं कुठं गेलं ते तिला चांगलं ठाऊक होतं. ते बिड्यांत गेलं. दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात तिच्या माहेरी दुपार म्हणजे ओसरीवर बसलेल्या बाया, मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं आणि कैचीचं कुरुकुरु. पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांनी वळायचं, दोरा मारायचा, नखानं तोंड मोडायचं. आई, शकुंतलाबाई, शेजारी बसून शिकवायची, आणि तिचं शिकवणं म्हणजे एकच वाक्य: "हलक्या हातानं, देवके. दाबशील तं फाटंल." पान फाटलं की बोटांच्या पेरांवर कैचीची मूठ बसायची. फार जोरात नाही, पण बसायची. फाटक्या पानाची बिडी कारखान्याचा माणूस छाटून बाजूला टाकी, आणि त्या दिवशी आई रात्री जेवताना कुणाशी बोलत नसे. तेव्हा देवका तिसरीत गेली होती. गेली होती म्हणजे नावापुरती. दुसरी पास झाली, तिसरीचं पुस्तक आणलं, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि मग ओसरीवरच्या बायांत एक जागा रिकामी झाली. ती जागा तिची झाली. लहान बोटं चलाख असतात म्हणे. लग्न होऊन छोटेलालच्या घरी दवनीवाड्याला आली तरी सूप सोबतच आलं. पुढं उमेंद्र शिकला, राईस मिलमध्ये लागला, फुलचूरला घर बांधलं, बिड्या सुटल्या, छोटेलाल गेला. पण हलक्या हाताची सवय काही सुटली नाही. भांडं ठेवताना आवाज होत नसे तिचा. दार लावताना नाही. नवरा तापट होता, त्यालाही तिनं असंच वळलं, कधी दाबलं नाही. लोक म्हणायचे, देवकाबाई म्हणजे गरीब गाय. असेल बापा. गाईला कोण विचारतं, तुला गरीब व्हायचं होतं का म्हणून.

शिंप्याचं दुकान बंद होतं. जेवायला गेला असेल, येईलच, असं शेजारच्या दुकानातून कुणीतरी सांगितलं आणि स्टूल पुढं सरकवलं. ते दुकान वाद्यांचं होतं. ढोलक्या, पेट्या, झांजा, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या गिटारी. मालक पस्तिशीतला, नाव हिमांशू. तो एका गिटारीच्या तारा पिळत बसला होता, आणि प्रत्येक पिळ्यासरशी आवाज थोडा थोडा वर चढत होता. देवकाबाई स्टुलावर बसली. तिच्या खांद्याला लागूनच एक गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिनं काही ठरवलं नव्हतं. हात मांडीवरून उचलला गेला, आणि ज्या बोटावर काहीच नाही असं दुकानदार म्हणाला होता, तेच बोट तिनं सर्वांत जाड तारेवर ठेवलं आणि ओढलं. आवाज निघाला. मोठा, जाड, छातीच्या आत जाऊन बसणारा. तिनं दचकून हात मागं घेतला, पण आवाज चालूच होता. तिनं सोडून दिल्यावरही तो चालू होता, हेच तिला खरं वाटेना. आयुष्यभर त्या बोटानं केलेली वस्तू कोणीतरी पेटवून धूर करून टाकली. हा आवाज तिचा होता, आणि तो दुकानभर हिंडत होता. तिला तो पुन्हा हवा होता. हावरेपणा होता, सरळ हावरेपणा.

"किसके लिए चाहिए, मौसी?" हिमांशूनं विचारलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. "नातवासाठी," देवकाबाई म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. नातू नव्हता. उमेंद्र आणि टीनाच्या लग्नाला वर्षं झाली होती, नागपूरच्या डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या होत्या, टीनाच्या दंडावर सुयांचे निळे डाग देवकाबाईनं स्वतः पाहिले होते. आणि त्या घरात एक गोष्ट तिनं मनाशी गाठ मारून पाळली होती: या बाबतीत सुनेसमोर शब्द काढायचा नाही. नवस नाही, उपास नाही, उसासा तर मुळीच नाही. नात्यातल्या बाया कुचकुचायला लागल्या की ती चहा ठेवायला उठायची. टीना शाळेत शिकवायची, दिवसभर लोकांच्या लेकरांत असायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर सासूच्या तोंडाकडे एकदा पाहायची, आज काही म्हणाली का कुणी, हे वाचायला. देवकाबाईचं तोंड कोरं असायचं. त्या कोऱ्या तोंडाचा तिला अभिमान होता. आणि आता बाजारातल्या परक्या माणसापुढं ती काय बोलून बसली होती. पण "माह्यासाठी" हा शब्द तिच्या तोंडात आलाच नाही. आला असता तर हिमांशू हसला असता, असं नाही. तो शब्द तिथं नव्हताच. स्वतःसाठी तिनं दुकानात कधी काही मागितलं होतं? साडी मागितली तर "लग्नाला नेसायला", चप्पल मागितली तर "दवाखान्यात जायला". नुसतं मला, मले, असं कधी नव्हतं.

हिमांशूला काय, त्याचा धंदा. "नाम क्या है उसका?" "सोनू." "कौन सी में है?" "दुसरीत." "अरे, फिर तो यह बड़ावाला भारी पड़ेगा उसको," असं म्हणून त्यानं भिंतीला टेकवलेली ती मोठी गिटार बाजूला ठेवली आणि वरून लहान पोरांच्या मापाच्या दोन-तीन उतरवल्या. देवकाबाई मोठीकडे पाहत राहिली. तीच हवी होती. पण सोनूला ती भारी झाली असती ना. आपल्याच लबाडीनं आपलाच घास लहान केला, आणि तक्रार करायची सोय नाही. मग तिनं निवड केली, आणि ती निवड पाहून हिमांशूची करमणूक झाली. काळ्या चकचकीत गिटारीला तिनं हातही लावला नाही. रंग चोपडला की आतलं काय ते कळत नाही. दुसरीची पाठ पाहिली, बोट फिरवलं, नाकाजवळ धरून वास घेतला. लाकडाच्या शिरा एकाच बाजूला जातात का, कुठं भोक, कुठं डाग, कड जाड की पातळ. पानांचा पुडा सोडून माणूस पाहतो तसं. "मौसी, पपई घेऊन राहिले का?" हिमांशू हसून म्हणाला. ती कड चाचपत राहिली. शेवटी पानाच्याच रंगाची, वाळल्या तेंदूच्या पानासारखी तांबूस एक तिनं काढली. कोणी विचारलं असतं हीच काऊन, तर सांगता आलं नसतं. पैसे तिचे होते, धानाच्या वाट्याचे. ते द्यायला अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते पुढचं वाक्य. "थ्या पोट्ट्याले शिकवाचं कसं? मलेच शिकवा आधी. मी शिकली का त्याले शिकवीन. कोनाचं आयकत नाही, माह्यं आयकते." हिमांशूनं खांदे उडवले. दुपारी गिऱ्हाईक नसतं, या म्हणाला.

गिटार खोळीत घालून ती ऑटोनं घरी आणली, आणि दिवाणाच्या पेटीत रजयांच्या खाली ठेवली. ब्लाऊज मात्र आणायचा राहिला. टीनानं संध्याकाळी विचारलं तेव्हा शिंपी नव्हता एवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं. चोराच्या मनात चांदणं. रात्रीच्या जेवणात दोनदा तिला वाटलं की दिवाणातून आवाज आला.

मग दुपारी शिकायला जाणं सुरू झालं. टीना शाळेत, उमेंद्र मिलमध्ये, निर्मलाबाई पंख्याखाली लवंडलेल्या. दुकानात ती मोठीवर शिकायची, घरी लहानीवर हात घोटायची. हिमांशूनं पहिल्या दिवशी कात्री काढून तिच्या डाव्या हाताची नखं कापायला लावली. बिडीचं तोंड मोडायचं नख, वर्षानुवर्षं राखलेलं, कामाचं नसतानाही राखलेलं, ते टपकन फरशीवर पडलं. तिनं ते उचलून पदरात बांधलं, आणि मग वेड्यासारखं वाटून ऑटोतून बाहेर टाकलं. पहिला सूर, हिमांशू ज्याला कॉर्ड म्हणे, दोन बोटांचा होता. सर्वांत जाड तारेखालच्या दोन तारांवर दोन बोटं, बाकी तारा मोकळ्या. हिमांशूच्या म्हणण्यानं लेकराला पण येतो. तिला येईना. बोटं बरोबर जागी बसत. दिसायला सगळं ठीक, आणि उजवा हात फिरवला की फस्स. फाटक्या पत्र्यावर झाडू मारावा तसा आवाज. "दबाओ मौसी. जोर से दबाओ." ती दाबायची, म्हणजे तिला वाटायचं आपण दाबतोय. हिमांशू तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबायचा, तेव्हा मात्र तार खणखणीत बोलायची. त्यानं बोट काढलं की पुन्हा फस्स. "इतना क्या डरते हो? टूटेगा नहीं." तो हसत होता, पण ती हसू शकत नव्हती. दाबायचं म्हटलं की मनगटापासून खाली तिचा हात दुसऱ्याच कुणाचा व्हायचा. कुठल्याशा ओसरीवर कैचीची मूठ उचलली जायची. दाबशील तं फाटंल. तिला हे हिमांशूला सांगता येत नव्हतं, आणि सांगून त्याला कळलंही नसतं. इतक्या वर्षांत जे जे धरलं, ते न दाबता धरलं. पान, नवरा, मुलगा, सून. टीनाशी एक शब्द न बोलणं हेही तसलंच धरणं होतं की काय? आपण त्याला माया समजत होतो. टीनाला ते कसं लागत असेल, कोरं तोंड रोज संध्याकाळी? हा विचार तिला त्या दुकानात, मांडीवर गिटार घेऊन, पहिल्यांदा आला, आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

आणि तिकडं सोनू वाढत होता. हिमांशू गप्पिष्ट, प्रत्येक वेळी सोनूची चौकशी करायचा, आणि देवकाबाईला काहीतरी सांगावं लागायचं. सोनूला वांग्याची भाजी आवडत नाही. सोनू अंधारात मोरीकडे जायला घाबरतो. सोनूच्या वर्गात बाई मारत नाहीत, पण सोनू शाईचे डाग घरभर करतो. आधी ती जीभ चावून बोलायची. मग सहज बोलू लागली. मग ऑटोत बसल्या बसल्या उद्याचं जुळवू लागली, आणि खरं सांगायचं तर मजा येऊ लागली. एकदा तिनं सांगितलं की सोनूला पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं फार आवडतं, सारखा वास घेत बसतो. सांगून झाल्यावर ती थबकली. हे उमेंद्रच्या लहानपणातलं नव्हतं. उमेंद्र पुस्तकं फाडायचा. वांगं कोणाला आवडत नव्हतं? अंधारात मोरीकडे जायला कोण घाबरायचं? आणि दुसरीतच काऊन, पहिलीत का नाही, चौथीत का नाही? ऑटो रेल्वेच्या पुलावर चढत होता, समोर सायकलवर कोणी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन चाललं होतं. देवकाबाईनं त्या जुड्यांकडे पाहत राहून हे सगळं डोक्यातून काढून टाकलं. आपलं आपल्याला उमगलं की माणूस जास्त घाबरतो, दुसऱ्यानं पकडण्यापेक्षा.

तार बोलली ती एका साध्या दुपारी. निर्मलाबाई फाटकाशी उभ्या होत्या. आधी कढीपत्ता मागितला, मग हळूच आवाज खाली आणून म्हणाल्या, "टीनाले आता कायले नागपूरले धाडता वो? वय निघून गेलं का मंग निघून गेलं. उमेंद्रचं काही दुसरं पाहा लागते." देवकाबाईनं कढीपत्त्याची फांदी तोडून त्यांच्या हातात ठेवली. आत आली, दार लावलं, आणि यावेळी दार वाजलं. दिवाणाची पेटी उघडली, रजया भिरकावल्या, गिटार मांडीवर घेतली आणि बोटं तारांवर रोवली, रोवलीच, जणू निर्मलाबाईंच्या मानेवरच पडली. आणि उजवा हात फिरवला. खोली भरून गेली. एकही तार फसफसली नाही. ती तशीच बसून राहिली, बोटं न उचलता. पेरांत कळ मारत होती. मग तिनं पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. फाटलं काहीच नव्हतं. बोटं उलटून पाहिली तर टोकांवर तारांचे लाल चरे उमटले होते, आणि ते चरे तिनं नंतर पोळ्या लाटताना, भांडी घासताना, दिवसभर अंगठ्यानं चाचपून पाहिले. इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळेना. सांगायला कोणीच नव्हतं. हिमांशूला सांगितलं तर तो म्हणेल, चला, आता सोनूला शिकवा.

पण झाकली मूठ किती दिवस झाकून राहते. एका संध्याकाळी ती कोपऱ्यावरून भाजी घेऊन आली, तर घरात टीनाच्या चपला होत्या आणि दिवाणाची पेटी उघडी होती. गिटार खोळीतून काढून गादीवर ठेवलेली. टीना तिच्याशेजारी बसली होती, शाळेची साडी न बदलता, मांडीवर तो ब्लाऊज. देवकाबाईनं मागाहून आणलेला नवा ब्लाऊज बाहीत घट्ट होत होता, म्हणून ती आज शाळेतून परस्पर शिंप्याकडे गेली होती. देवकाबाईला हे सगळं एका नजरेत कळलं. भाजीची पिशवी तिनं खाली ठेवली, आवाज न करता.

"सोनू कोण आहे, आई?" टीनानं विचारलं.

देवकाबाई जमिनीवरच बसली. टीना सांगत होती, शाळेत धडा वाचावा तशा सपाट आवाजात. शिंप्यानं बाजूच्या दुकानदाराला हाक मारली, अरे ही त्या मावशींची सून. तो बाहेर आला, हात जोडले. म्हणाला, भाभीजी, सोनू को कभी लाओ ना, दादी उसके लिए कितनी मेहनत करती है. शिंपीबुवा म्हणाले, अरे तुम्हाला मुलगा आहे, आम्हाला माहीतच नव्हतं, पेढे राहिले आमचे. देवकाबाई ऐकत होती. आता येईल, आता येईल म्हणून ती घावाची वाट पाहत होती. सून काही टाकून बोलेल, हे तिला कबूल होतं. बोलावंच. वांझ म्हणायला निर्मलाबाईंना तोंड लागतं, आपण तर बाजारात तिच्या छातीवर एक खोटं लेकरू बसवून आलो. याला गुन्हा नाही म्हणत तर कशाला म्हणतात. पण टीना तिथंच थांबली.

"मंग तू का म्हनली?" देवकाबाईनंच विचारलं.

टीना ब्लाऊजची उसवलेली शिवण बोटानं ओढत होती. "मी म्हनली, ताप आहे त्याले." शाळेतली भाषा कधी गळून पडली तिचं तिलाच कळलं नव्हतं. "म्हनली, उतरला का घेऊन येतो. थो म्हने काळजी घ्या, वायरल चालू आहे. मी म्हनली, हो." मग म्हणाली, "अना आई, ऑटोत बसली तं मले घाई झाली. खरंच घाई झाली. डायवरले म्हनली, जरा लवकर चालवा ना भाऊ, घरी लेकरू आहे. फुलचूरच्या वळनावर आल्यावर समजलं."

देवकाबाईला वाटलं आपल्या हातातून काहीतरी निसटून फरशीवर फुटलं. तिनं टीनाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या तोंडाकडे ती कोऱ्या नजरेनं पाहत होती, ते तोंड असं आहे हे तिला माहीत नव्हतं. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले, एखाद्या आजारी लेकराची रात्र जागून काढलेल्या बाईचं असतं तसं. शब्द काढायचा नाही, शब्द काढायचा नाही म्हणून ती जपत बसली, आणि ही पोरगी इथंच, याच भिंतीआड, एकटी वाट पाहत होती. कुणीतरी बोलावं याची. लेकराबद्दलच असं नाही, काहीही.

"सोनू कोनी नाही, टीना," देवकाबाई म्हणाली. "मीच होय थे. दुसरी पास झालेल्या पोरीले शाळेतून काढलं होतं ना, थे. मले गिटार पायजे होती. पन माह्यासाठी द्या, असं म्हनता नाही आलं. जीभच वळली नाही. म्हनून नातवाचं नाव घेतलं. तुले टोचावं म्हनून नाही, बाई. तुही आठवनच नव्हती मले त्या टायमाले, हे त्याहून वाईट आहे. उद्या जातो अना सांगतो हिमांशूले. सोनू-फिनू कोनी नाही, मी बुढीच शिकून राहिली."

टीनानं शिवण ओढायचं थांबवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "राहू द्या ना, आई. कायले सांगता? थोडे दिवस राहू द्या."

देवकाबाईच्या तोंडावर हो आलंच होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. पोरीचं मन राहिलं असतं, बाजारात आपलं हसं झालं नसतं, दुपारी जाणं चालू राहिलं असतं. सोनू तिसरीत गेला असता. टीनानं कधी ऐकलं असतं त्याचं काय चाललंय ते, दोघी मिळून त्याला वांग्याची भाजी चारली असती. देवकाबाईला ते सगळं दिसलं, आणि ते इतकं गोड होतं की तिला भीती वाटली. ती उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, टीनाजवळ गादीवर बसली, आणि सुनेचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. टीना कळवळली असेल, इतका घट्ट.

"नाही, माय," ती म्हणाली. "मी त्याच्या नावानं शिकत राहिली, तं तू रोज त्याले ताप आनशील. अना मंग एक दिवस थो ताप उतरनार नाही. तवा आपुन दोघी कोनाकडं जाऊन रडनार?"

टीनानं हात सोडवून घेण्याचा प्रयत्न केला. देवकाबाईनं सोडला नाही. आणि मग टीना रडली. या घरात आल्यापासून ती मोठ्यानं कधी रडली नव्हती. मोरीत नळ सोडून रडायची, हे देवकाबाईला माहीत होतं, आणि नळाचा आवाज ऐकून ती भाजी परतत राहायची. आता नळ नव्हता. टीना सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होती, मध्येच काहीतरी बोलत होती, नागपूरचं, सुयांचं, शाळेतल्या एका पोराचं, जो तिला चुकून मम्मी म्हणतो. देवकाबाई ऐकत होती आणि विचारत होती. मंग? मंग का झालं? थे डॉक्टरीन का म्हनली? एकेक गोष्ट विचारून घेतली, कित्येक वर्षांपूर्वी विचारायला हवी होती ती. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.

फाटकाशी उमेंद्रची गाडी वाजली. तो आत आला, अंगावर मिलचा पांढरा कोंडा, हातात डबा. बटण दाबून त्यानं दिवा लावला. आई गादीवर, बायको तिच्या मांडीवर, पेटी उघडी, रजया जमिनीवर, भाजीची पिशवी दारात कलंडलेली आणि मध्ये ही तांबूस गिटार. तो दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग जे सर्वांत सोपं दिसलं ते त्यानं विचारलं.

"हे कोनाची?"

"माही," देवकाबाई म्हणाली.

टीना उठून बसली. पदरानं तोंड पुसलं, केस मागं सारले. "आई शिकून राहिल्या," ती नवऱ्याला म्हणाली, आवाज अजून ओला होता. "हात धुवा आधी. मी कणिक मळतो, तवपर्यंत त्यांले वाजवू द्या."